जुन्या आयरिश कवितेतला उन्हाळा: निसर्गप्रेम कमी, कामाची वर्दी जास्त

प्रश्न थोडक्यात असा आलाय: एक वाचनगट वेगवेगळ्या देशांच्या ऋतूंवरच्या कविता वाचतोय, त्यात आयर्लंडची मे महिन्यावरची जुनी कविता इंग्रजी भाषांतरातून वाचली आणि सगळे जरा हिरमुसले. कस्तुर गातो, कक्कू ओरडतो, घोडे पाण्याकडे जातात, मधमाशा फुलं नेतात, एकामागून एक नुसती वाक्यं. "मी" कुठे नाही, भावना नाही, मग ही कविता आहे की यादी? जोडीला दोन उपप्रश्न, एक म्हणजे हे जंगलात राहणाऱ्या साधूंनी लिहिलंय असं म्हणतात ते खरं का, आणि दुसरा, उन्हाळ्याचं एवढं काय कौतुक?

मी जुनी आयरिश बरीच वर्षं वाचतोय आणि थोडीफार शिकवतोय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: या कविता निसर्ग बघून हरखलेल्या माणसाचे उद्गार म्हणून वाचल्या की फसतात. या शिकलेल्या, पेशानं कवी असलेल्या लोकांच्या रचना आहेत आणि त्यांचं काम "ऋतू बदलला, आता अर्धं वर्ष वेगळं जगायचं" अशी वर्दी देण्याचं आहे. यादी वाटते ती त्यामुळेच.

आधी शेवटचा उपप्रश्न घेऊ कारण तो सुटला की बाकीचं सोपं जातं. आपल्याकडे वैशाख म्हटलं की पहिल्यांदा वणवा आठवतो, विहिरी आटलेल्या, गुरांना चारा नाही, त्यामुळे उन्हाळ्याचं स्वागत ही कल्पनाच आपल्याला विचित्र वाटते. आयर्लंडमधे डिसेंबरात दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो, आणि १ मे ला डब्लिनमधे साधारण पंधरा तास उजेड. तापमान तेव्हाही फार तर पंधरा अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडची हिवाळ्यातली सकाळच. त्या लोकांना उन्हाळा म्हणजे उजेड आणि गवत. आणि गवत म्हणजे दूध, कारण जुन्या आयर्लंडची सगळी अर्थव्यवस्था गाईवर, दंड आणि मानसुद्धा गाईंमधे मोजायचे. तेव्हा मे महिन्याच्या त्या उत्साहाला आपल्याकडचं काही जुळत असेल तर ते मृग लागल्यावर शेतकऱ्याच्या घरात उडते ती लगबग, एवढं डोक्यात ठेवलं तरी निम्मी अडचण जाते.

जुन्या आयरिश वर्षाचे मुख्य भाग दोनच, साम् आणि गाम्, उन्हाळा आणि हिवाळा. १ नोव्हेंबरला सावन हा सण आला (आपला श्रावण नव्हे) की हिवाळी अर्धं सुरू, १ मे ला बेल्टनं हा सण आला की उन्हाळी. कॅशेलचा राजा आणि बिशप कॉर्मक मॅक कुलेनान, जो ९०८ मधे लढाईत मेला, त्याच्या नावावर एक शब्दकोश आहे, त्यात बेल्टनंबद्दल लिहिलंय की ड्रुइड, म्हणजे जुन्या धर्माचे पुरोहित, मंत्र म्हणत दोन आगी पेटवायचे आणि वर्षभराच्या रोगराईपासून वाचावीत म्हणून गुरं त्या दोन आगींच्या मधून हाकायचे. मग ती गुरं डोंगरावरच्या उन्हाळी कुरणात जायची, बरोबर काही माणसं वर राहायची, दूध काढायचं, लोणी करायचं, ते थेट पानगळीपर्यंत. ही पद्धत आयर्लंडच्या काही भागात अगदी अलीकडच्या शतकांपर्यंत चालू होती.

आता ही सगळी हालचाल कवितेत कशी येते बघा. मे महिन्याच्या त्या कवितेत एक छोटी ओळ आहे, "बेरिध स्लाव्री श्लीअव", तिचा सरळ अर्थ डोंगर गुरांना घेऊन जातो. गुरं डोंगरावर जातात असं नाही म्हटलं, डोंगर त्यांना नेतो म्हटलंय. तीन शब्दांत उन्हाळी स्थलांतर आटोपलं. भाषांतरात ही ओळ मधमाशांच्या शेजारी येते म्हणून आपण तीही एक निसर्गदृश्य समजून पुढे सरकतो, पण ऐकणाऱ्याला ती उद्याच्या कामाची ओळ होती.

ही कविता कुठे सापडते ते माहीत असणं फार गरजेचं आहे आणि संकलनांमधे नेमकं तेच गाळलेलं असतं. ती सुटी कविता नाहीच. फिन मॅक कूल हा आयरिश दंतकथांतला नायक, त्याच्या बालपणीच्या पराक्रमांची एक गोष्ट आहे, साधारण बाराव्या शतकात जुळवलेली, तिच्यात ती बसवलेली आहे. गोष्ट अशी की फिनचं लहानपणीचं नाव देव्हने, बापाला मारणारे लोक त्याच्याही जिवावर उठलेले, कवी झाल्याशिवाय आयर्लंडमधे त्याला धड राहता येईना, म्हणून तो बॉइन नदीकाठी फिनेगस नावाच्या कवीकडे शिकायला गेला. हा फिनेगस सात वर्षं तिथल्या डोहावर डोळा ठेवून बसलेला, कारण त्या डोहातला सॅमन मासा खाल्ला की सगळं ज्ञान मिळणार असं भाकीत होतं. मासा एकदाचा सापडला, गुरूनं पोराला भाजायला दिला आणि बजावलं की तू खायचा नाहीस. पोराचा अंगठा पोळला, त्यानं तो तोंडात घातला, संपलं! गुरूनं विचारलं तुझं नाव काय, पोरगा म्हणाला देव्हने, गुरू म्हणाला नाही, तुझं नाव फिन, मासा तुझ्याच नशिबात होता, खा. पुढे त्यानं कवीला लागणाऱ्या तीन दिव्य विद्या मिळवल्या, आणि मग गोष्ट म्हणते की आपलं कवित्व सिद्ध करायला फिननं ही रचना केली. लगेच खाली कविता सुरू.

म्हणजे गोष्टीच्या हिशोबानं ही परीक्षेची कविता आहे! गुरूकडची विद्या अंगात आली की नाही हे दाखवायला पोरानं उन्हाळ्याची वर्दी देऊन दाखवली. कशाला प्रेमावर नाही, देवावर नाही, मे महिन्यावरच का, याचं एक उत्तर सतराव्या शतकातल्या जेफ्री कीटिंगच्या इतिहासात मिळतं. तो लिहितो की फिनची फियाना मंडळी, म्हणजे रानात टोळीनं राहणारे तरुण लढवय्ये, सावनपासून बेल्टनंपर्यंत लोकांच्या घरी मुक्काम ठोकून खायचे आणि बेल्टनंपासून सावनपर्यंत उघड्यावर राहून शिकारीवर जगायचे. कीटिंग फारच उशीरचा आहे, त्याचं सगळंच शब्दशः घेऊ नका, पण चौकट लक्षात येते. १ मे म्हणजे फिनच्या लोकांची बाहेर पडायची तारीख. आपल्या घराबाहेरच्या आयुष्याचा पहिला दिवस टोळीचा भावी नायक जाहीर करतोय, म्हणून कवितेत हरिण, घोडा, वाहतं पाणी, वेगवान योद्धा, शर्यतीची खुमखुमी हे सगळं येतं. काही भाषांतरांत ही घोड्यांच्या शर्यतीची ओळ वाचून लोक म्हणतात हे मधेच कुठून आलं, तर ते मधेच आलेलं नाही, कविता त्याच दिशेनं चाललेली असते.

आता यादीचा आरोप. दोन-तीन कडवी जवळून बघू, भाषांतर माझं आहे आणि मुद्दाम ओबडधोबड ठेवलंय:

"उन्हाळा ओढ्याला कापून बारीक करतो,
चपळ घोड्यांचा कळप पाणी शोधतो,
हेदरचे लांब केस पसरतात,
नाजूक पांढरं बोंड वर येतं."

हेदर म्हणजे माळावर पसरणारं एक बुटकं झुडूप, आणि हे पांढरं बोंड म्हणजे आयरिश दलदलीत उगवणारं, कापसासारखा झुपका येणारं गवत. पहिल्या ओळीत पाणी कमी झालं, दुसरीत म्हणून घोडे पाणी शोधत निघाले, तिसरी-चौथीत पाणी ओसरलेल्या माळावर आणि दलदलीवर काय उगवलं ते आलं. "म्हणून", "त्यामुळे" असा एक शब्द कुठे नाही, पण कार्यकारण सगळं आहे. जोडायचं काम ऐकणाऱ्यावर सोडलंय, आणि ऐकणारा गुराखी असो की राजा, त्याला ते जोडता यायचं. आपल्याला येत नाही कारण आपण ती दलदल पाहिलेली नसते, त्यात कवितेचा काय दोष.

अजून एक:

"कॉर्नक्रेक बोलतो, दमदार भाट,
उंच निर्मळ धबधबा गातो
कोमट डोहाला स्वागत,
लव्हाळ्यांची कुजबुज आली."

इथे भाट (मूळ शब्द बार्ड) म्हटलंय ते गमतीनं. कॉर्नक्रेक हा गवतात लपून बसणारा पक्षी, आफ्रिकेतून एप्रिलच्या शेवटाला आयर्लंडमधे येतो, आणि त्याचा आवाज म्हणजे कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यासारखी करकर, रात्र रात्र चालू, गोडवा शून्य. जुन्या आयर्लंडमधे कवींच्या उतरंडीत वर असायचे ते फिली, कायदा-वंशावळी-कथा शिकलेले, सात दर्जे होते त्यांचे, सगळ्यात वरचा ओलव, त्याला साडेतीनशे कथा याव्या लागायच्या. बार्ड म्हणजे त्यांच्या खालचा गडी. तेव्हा करकर करणाऱ्या पक्ष्याला "दमदार बार्ड" म्हणणं ही एका शिकलेल्या कवीनं खालच्या पायरीवरच्या कवींना मारलेली कोपरखळी असावी असं मला वाटतं. सगळे अभ्यासक असं वाचतील असं नाही, पण पेशेवर लोकांच्या कवितेत पेशातल्या खोड्या असतातच.

आणि सगळ्यात शेवटी चंडोल. छोटासा, घाबरट, पण हट्टी पक्षी, वर जाऊन गळा फोडून बातमी सांगतोय की मे महिना किती सुंदर. कविता मे महिन्याच्या नावानं सुरू होते आणि त्याच नावावर संपते. हा कवीचा लहरीपणा नाही, नियम आहे, त्याला दूनध म्हणतात: कवितेचा शेवट तिच्या पहिल्या शब्दावर, नाहीतर निदान त्याच्या आवाजावर आणायचा, मग ऐकणाऱ्याला कळतं की रचना पूर्ण झाली, कुणी खाली कडवी जोडू शकत नाही. तोंडी परंपरेत आणि हातानं नकला करण्याच्या काळात हे कुलूपच होतं.

दुसरी एक उन्हाळी कविता आहे जी मला खरं तर पहिलीपेक्षा जास्त आवडते, "तानिक साम्", उन्हाळा आला. तिच्यात समुद्राला सीलची वाट म्हटलंय, ती वाट आता गुळगुळीत झालीये, म्हणजे लाटा शांत, म्हणजे होड्या निघू शकतात. हिवाळाभर आदळणारा समुद्र झोपलाय, ठिपक्यांचा सॅमन उडी मारतो, पांढरी वाळू हसते, वाकड्या हॉलीचे काटे शिकारी कुत्र्याला बोचतात. ही काट्याची ओळ बघा, उन्हाळ्याच्या कौतुकात कुत्र्याला झालेली जखम कशाला? कारण कुत्रा हॉलीच्या झुडपात घुसलाय, कारण शिकार सुरू झालीये. आणि शेवटच्या कडव्यात ऊन सगळ्या भूमीवर हसतं, कुत्रे भुंकतात, हरणं जमतात, कावळे माजतात, उन्हाळा आला. हे कावळे म्हणजे रेव्हन, रणभूमीवर येणारे. त्यांना बरे दिवस आले म्हणजे स्वाऱ्या सुरू झाल्या, मढी पडणार. सहा-सात कडवी तुम्ही फुलापानांत रमता आणि जाता जाता कवी हेही सांगून मोकळा होतो, आवाज न चढवता. या कवितेत एका ठिकाणी "काळज्यांच्या वेढ्यातून माझी सुटका" अशा अर्थाचं येतं, म्हणजे "मी" अगदीच नाही असं नाही, पण तो अर्ध्या ओळीपुरता येतो आणि गपगुमान निघून जातो.

भावना कुठे आहे असं विचारलंत तर मी म्हणेन आवाजात आहे, आणि ते भाषांतरात शंभर टक्के मरतं. त्याचा पुरावा म्हणून उन्हाळ्याची नाही तर उन्हाळा गेल्याची कविता घेतो कारण ती इतकी छोटी आहे की इथे पूर्ण अर्थ देता येतो. सोळा ओळी, प्रत्येक ओळीत बरोब्बर तीन अक्षरं, म्हणजे अख्खी कविता अठ्ठेचाळीस अक्षरांत. आपल्या लिपीत साधारण अशी सुरू होते:

"श्केल लेम दूव,
दॉर्दध दाव,
श्निघध गाव,
रो फाथ साव."

(साव आणि गाव म्हणजे वरचेच साम् आणि गाम्.) बातमी आहे तुम्हाला, सांबर डुरकतो, हिवाळा बर्फ झाडतो, उन्हाळा गेला. पुढे: वारा उंच नि गार, सूर्य खाली, त्याची धाव आखूड, समुद्र उसळता. नेचा लालबुंद, त्याचा आकार हरवला, रानहंसाचा नेहमीचा आवाज सुरू झाला. थंडीनं पक्ष्यांचे पंख धरले, बर्फाचा काळ, ही माझी बातमी. शेवटचा शब्द परत श्केल, म्हणजे बातमी, दूनध लागला.

आता हे मोठ्यानं म्हणून बघा, मनातल्या मनात नको. दाव आणि साव यमक, पुढे ग्रीअन आणि रीअन, क्रुथ आणि गुथ. शेवटच्या कडव्यात एन आणि श्केल, आपल्या कानाला हे यमक वाटत नाही पण आयरिश कवीला चालतं, कारण त्यांच्याकडे व्यंजनांचे गट पाडलेले आहेत, एका गटातलं कुठलंही व्यंजन त्याच गटातल्या दुसऱ्याशी यमक करतं, आणि ल नि न एकाच गटातले. शिवाय "ग्नाथ, गिउग्रन, गुथ" असा गकार एकाला एक लागून. तीन अक्षरांच्या ओळीत "म्हणून", "जणू", "किती सुंदर" वगैरे बसायला जागाच नाही! जे आहे ते नाम आणि क्रियापद. यादी वाटते ती या कसरतीमुळे, आणि ही कसरत जमली म्हणूनच तो कवी.

मजा म्हणजे "तानिक साम्" मधे जे "हिवाळा गेला" येतं आणि इथे जे "उन्हाळा गेला" येतं त्याचं क्रियापद एकच, रो फाथ. वर्षाच्या दोन टोकांना एकाच साच्याची वर्दी, नुसता ऋतू बदलायचा. मला यातूनच वाटतं की हा त्या लोकांचा ठरलेला प्रकार होता, कुणा एकाची ऊर्मी नाही. आणि या कविता हाती कशा लागल्या बघा: "श्केल लेम दूव" टिकली ती सेंट कोलम किलेच्या स्तुतिपर एका अतिशय अवघड जुन्या रचनेवरच्या टीकेत, एका शब्दाचा अर्थ समजावायला उदाहरण म्हणून कुणा पंडितानं पूर्ण कविता उतरवून काढली म्हणून. नसती उतरवली तर गेलीच होती.

मग साधूंचं काय. ही कल्पना आली कुठून ते सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कूनो मायर नावाच्या जर्मन विद्वानानं या कविता छापल्या, १९०३ मधे उन्हाळ्या-हिवाळ्याच्या चार कवितांचं छोटं पुस्तक काढलं, त्याच वर्षी डब्लिनमधे आयरिश शिकवणारी एक संस्थाही उभी केली, फार मोठं काम. त्याला या कवितांमधे जपानी कलेसारखं अर्धं बोलून अर्धं सोडून देणं दिसलं, आणि युरोपभर तेव्हा जपानी चित्रांचं वेड होतं त्यामुळे लोकांना ते पटकन पटलं. पुढे रॉबिन फ्लॉवर या अभ्यासकानं लिहिलं की सतत ध्यानधारणेनं संन्याशांची नजर इतकी निर्मळ झाली होती की त्यांना निसर्ग असा दिसला. वाक्य सुंदर आहे, टिकलंही खूप वर्षं. १९८९ मधे दोन्नखा ओ कोराइन या इतिहासकारानं या संन्यासी-कवी कल्पनेवर सरळ प्रश्नचिन्ह लावलं, त्याचं म्हणणं असं की या रचना मठांमधल्या शिकलेल्या, बऱ्यापैकी सुखवस्तू पंडितांच्या आहेत, झोपडीतला एकाकी साधू हे बऱ्याचदा त्यांनी घेतलेलं सोंग आहे. माझा कौल त्याच्या बाजूनं.

मठाचा संबंध नाही असं मात्र म्हणू नका. लिहिणारे हात मठांतलेच होते. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलन मठाच्या ग्रंथालयात नवव्या शतकातली लॅटिन व्याकरणाची एक पोथी आहे, आयरिश लोकांनी लिहिलेली, तिच्या समासात एक छोटी कविता आहे: झाडांची कुंपणभिंत माझ्यावर लक्ष ठेवते, कस्तुर मला गाणं म्हणतो, माझ्या आखलेल्या वहीवर पक्ष्यांची किलबिल, कक्कू राखाडी झगा घालून गातो, देव मला राखो, झाडाखाली मी छान लिहितोय. इथे "मी" आहे, देव आहे, सुख आहे. ही लिहिणाऱ्या माणसाची कविता, मे महिन्याची फिनच्या तोंडची. दोन्हींत कस्तुर आणि कक्कू आहेत म्हणून संकलनांत त्या शेजारी शेजारी छापतात आणि मग सगळ्याच साधूंच्या वाटायला लागतात. वाचनगटात या दोन मुद्दाम एकत्र वाचा, फरक लगेच कानाला लागेल.

(कक्कू म्हणजे आपली कोकिळा नव्हे हं, तो वेगळा पक्षी, खरंच "कक्-कू" असं दोन सुरांत ओरडणारा. मराठी भाषांतर करताना कोकिळा घातली की आंब्याचा मोहोर आपोआप येतो आणि सगळं बिघडतं.)

भाषांतरं एकमेकांशी जुळत नाहीत अशीही तक्रार आलीये, त्याचं कारण साधं आहे. मे महिन्याची कविता बहुतेकांच्या मते नवव्या शतकाच्या आसपासची, जेम्स कार्नी हा अभ्यासक तर तिला त्याहून जुनी मानायचा, आणि तिची प्रत आहे पंधराव्या शतकातल्या एका हस्तलिखितात, जे आता ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. मधली पाच-सहाशे वर्षं नकलेवरून नक्कल. भाषा तोपर्यंत इतकी बदलली होती की शेवटच्या नकलनवीसाला कित्येक शब्द कळतच नव्हते, त्यानं दिसले तसे उतरवले, दोन शब्द चिकटवले, एक तोडला. मग जेरार्ड मर्फी या अभ्यासकानं १९५० च्या दशकात वृत्त आणि यमकाच्या आधारानं ओळी परत बांधल्या, इथे यमक जुळत नाही म्हणजे मूळ शब्द हा नसणार, अशा पद्धतीनं. कार्नीनं १९७१ मधे परत वेगळ्या बांधल्या. म्हणून मायरचं भाषांतर, मर्फीचं आणि नंतरच्यांचं यात काही ओळी पार वेगळ्या दिसतात. कस्तुर, कक्कू, ओढा, घोडे, हेदर ही सुरुवातीची कडवी बरीच पक्की आहेत, भांडणं मधल्या-शेवटच्या कडव्यांत जास्त. एखादी ओळ फारच गूढ आणि भारी वाटली तर आधी शंका घ्या की तिथे पाठच फाटलेला आहे.

एक गोष्ट राहिली, आणि ती ऐकल्यावर निसर्गकविता हा शब्दच थोडा सैल वाटायला लागतो. आथिर्ने नावाचा, आयर्लंडच्या उत्तरेतल्या अल्स्टर प्रांताचा कवी, मागण्या करून लोकांना हैराण करणारा म्हणून बदनाम, तो आपल्या मानसपुत्राकडे, अमर्गिनकडे पाहुणा गेला. पानगळीच्या दिवसांत निघायला लागला तर अमर्गिन एक कडवं म्हणतो: पानगळ हा थांबायला चांगला ऋतू, दिवस आखूड आहेत, सगळ्यांनाच कामं आहेत. थांबला. हिवाळ्यात निघाला, परत कडवं: बाहेर काळोख नि वादळ, कुठे जाता. थांबला. वसंतात निघाला, वारा बोचरा, परत थांबला. उन्हाळ्यात निघाला तेव्हा अमर्गिन म्हणतो: उन्हाळा लांबच्या प्रवासाला उत्तम, झाडी शांत, वारा हलत नाही, ओढ्यात पाणी वळसे घेतंय, हिरवळ ऊबदार. आणि पाहुणा गेला. चार ऋतूंची चार सुंदर वर्णनं, आणि प्रत्येकाचं काम एकच, पाहुण्यानं आता राहावं की निघावं! यजमान वर्षभर मनापासून आग्रह करत होता की उन्हाळ्याची वाट बघत होता ते गोष्ट सांगत नाही, मला दुसरं वाटतं. याच जातीची अजून एक हिवाळी कविता आहे, थंडीचं भयंकर वर्णन, आणि ती फिनच्या एका आळशी नोकराच्या तोंडी आहे, त्याला बाहेर जायचं नाहीये म्हणून.

तर ऋतूचं वर्णन हे या परंपरेत काहीतरी करायचं हत्यार आहे, निघायला लावायचं, थांबवायचं, काम टाळायचं, परीक्षा पास व्हायची, टोळीला सांगायचं की चला. तुम्ही "यादी" म्हणालात ती बरोबरच होती, फक्त ती कुठल्या कामाची यादी आहे हे संकलनात छापलेलं नसतं.

डब्लिन-कॉर्कला राहणारी मराठी मंडळी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: कस्तुर आणि कक्कू अजून ऐकू येतात, कस्तुर तर शहरातसुद्धा, मे मधे पहाटे पाचच्या आधीच सुरू होतो. आपल्या "दमदार भाटा"ची मात्र वाट लागलीये, यंत्रानं लवकर गवत कापायला लागल्यापासून कॉर्नक्रेकची घरटी पिल्लांसकट जायला लागली, आता डोनेगल, मेयो, गॉलवेच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि बेटांवर थोडे उरलेत, तिथे गवत उशिरा कापावं म्हणून शेतकऱ्यांना पैसे देतात. एप्रिल-मे मधे त्या बाजूला गेलात तर रात्री गाडी थांबवून काच खाली करा.

वाचनगटासाठी क्रम विचारला होता. आधी फिनची गोष्ट, अंगठा पोळण्यापासून, आणि तिथून न थांबता मे महिन्याची कविता. मग "श्केल लेम दूव", आधी आवाज मग अर्थ, दोघांनी एकेक ओळ वाटून घेतली तर अजून छान. मग सेंट गॅलनची समासातली. आथिर्नेची गोष्ट शेवटी ठेवा, कुणालातरी यजमान करा नि कुणालातरी पाहुणा, त्यावर हमखास चर्चा पेटते. इंग्रजी भाषांतर शक्यतो मर्फीचं घ्या, मायरचं बाजूला ठेवा तुलनेला. यमक जुळवलेली पद्य भाषांतरं पहिल्या बैठकीत नकोत, त्यांत भाषांतरकाराचे "अहाहा" फार असतात.